तुझ्या हिरोईनला बुलेट देऊ नको, मर्गची फाईल दे

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. दर्यापूरकडच्या तुमच्या गावात तुम्ही पोरंपोरी मिळून मोबाईलवर एक मर्डर मिस्ट्री करताय, त्यात नागपूरहून बुलेटवर आलेली सीआयडी ऑफिसर गावच्या विहिरीत सापडलेल्या बाईच्या मृत्यूचा तपास करते, आणि ज्यांनी ज्यांनी स्क्रिप्ट वाचली ते सगळे म्हणतात की ऑफिसर बाई खरी वाटत नाही, तर काय बदलू आणि कोणते सिनेमे पाहू. मी अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या ग्रामीण ठाण्यांमध्ये नोकरी केली, शिपाई म्हणून लागले आणि पीएसआय म्हणून रिटायर झाले, आता पोरांच्या शॉर्टफिल्मच्या स्क्रिप्टमधला पोलिसांचा भाग पाहून देते, आणि गुन्ह्याचे सिनेमे तर आयुष्यभर पाहत आले. लेकीच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नको.

तुझी स्क्रिप्ट मी पूर्ण वाचली. बुलेट, गॉगल, एका हातानं गुंडाला फेकणं हे सगळं चालून जाईल, लोक टाळ्याही वाजवतील. खरी अडचण अशी की ऑफिसरचं नाव काढून तिथं एखाद्या पुरुषाचं नाव टाकलं तर एकही सीन बदलावा लागत नाही. ती बाई आहे हे फक्त दोनदा कळते, एकदा ठाणेदार तिला टोमणा मारतो तेव्हा आणि एकदा तिची मेलेली बहीण आठवून ती रडते तेव्हा. पण बाई असल्यामुळं तिला कोणत्या घरात शिरता आलं, तिच्याशी कोण बोललं, तिच्या नजरेला काय पडलं, यातून तपासाचा एकही धागा निघत नाही. बाई डिटेक्टिव्ह म्हटलं की मला तर पहिले हेच पाहायचं असते.

आणि हे आजचं नाही. अमेरिकेत केट वॉर्न नावाची एक विधवा 1856 साली शिकागोच्या पिंकर्टन या खासगी डिटेक्टिव्ह एजन्सीत गेली आणि म्हणाली मला डिटेक्टिव्ह म्हणून ठेवा. बायकांना तेव्हा हे काम कोणी देत नव्हतं. तिचं म्हणणं एवढंच होतं की जिथं पुरुष डिटेक्टिव्हला पाय ठेवता येत नाही तिथून मी बातमी काढून आणते. संशयिताच्या बायकोशी मैत्री करायची, तिच्या घरात बसाय-उठायला लागायचं, हे तिनं केलं, आणि 1861 मध्ये लिंकन वॉशिंग्टनला शपथ घ्यायला निघाले तेव्हा बाल्टिमोरमध्ये त्यांना मारण्याचा जो कट होता त्याची माहिती काढण्यात आणि त्यांना गुपचूप रेल्वेनं पुढं नेण्यात तिचा हात होता. आजारी भावाला घेऊन चाललेली बहीण बनून ती त्यांच्यासोबत गेली. बंदूक चालवायचा प्रश्नच आला नाही.

आता सिनेमे. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज' (1991) तू पाहिला असशीलच, पण बहुतेक लोक त्यातल्या पिंजऱ्यामागच्या डॉक्टरसाठी पाहतात. तू एफबीआयच्या ट्रेनी क्लॅरिस स्टार्लिंगसाठी परत पाहा. एका लहान गावात नदीतून काढलेली मुलीची बॉडी तपासायची असते, खोलीत गावचे पोलीस गर्दी करून उभे असतात, आणि ही ट्रेनी पोरगी त्यांना आपल्या खेड्याच्या बोलीत, आदरानं, तुम्ही तिला इथवर आणलंत, आता आम्ही पाहतो, अशा अर्थाचं बोलून बाहेर काढते. मग बॉडीकडं पाहून तिच्या लक्षात येते की कानाला तीन-तीन भोकं आहेत, नखांना चमकीचं पॉलिश आहे, म्हणजे मुलगी शहराकडची असावी. आणि पुढं ज्या गोष्टीवरून अख्खी केस फिरते ती कुठं सापडते, तर पहिल्या मेलेल्या मुलीच्या कपाटात, अर्धवट शिवलेल्या ड्रेसवर. ड्रेसवर बेतलेले चौकटीसारखे तुकडे आणि दुसऱ्या मुलीच्या पाठीवरून कापलेल्या कातडीचा आकार एक, आणि तिला कळते की खुनी शिवणकाम जाणणारा आहे. त्या घरात आधीही पोलीस येऊन गेलेले असतात, ते कपाट त्यांनाही दिसलं असेलच, पण शिवणाचा कागद पाहून डोक्यात काही पेटावं लागते ना.

'फार्गो' (1996) मला त्याहून जवळचा वाटतो कारण मार्ज गंडरसन ही अमेरिकेच्या एका थंड, सपाट, कंटाळवाण्या भागातल्या लहान गावची पोलीस चीफ आहे, सात महिन्यांची गरोदर, आणि सिनेमा तिच्याबद्दल कुठंच गहिवरत नाही. पहाटे फोन येते, नवरा उठून अंडी करून देते, ती खाते, निघते, बर्फातल्या पावलांवरून सांगते की एक माणूस मोठा होता आणि एक लहान चणीचा. सोबतच्या पोलिसाला वाटते गाडीच्या नंबरप्लेटची सुरुवात डी-एल-आर अशी आहे, ती शांतपणे सांगते की बाबा ते डीलरच्या प्लेटवर असते. त्याला कमी लेखत नाही. आणि तो वर्गमित्राचा भाग नीट पाहशील, खूप जणांना तो फालतू वाटतो. जुना वर्गमित्र तिला हॉटेलात भेटून बायको वारली म्हणून रडते, नंतर एका मैत्रिणीच्या फोनवरून कळते की ते सगळं खोटं होतं, आणि त्या फोननंतर ती गाड्यांच्या शोरूममधल्या एका गुळमुळीत माणसाकडं परत जाते, ज्याचं बोलणं तिनं पहिल्या वेळेस मानून घेतलं होतं. असा तपास मी स्वतः पाहिला आहे. अख्खं ठाणं मोबाईलचे सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदी, चाळत बसलेलं आणि केस फुटली ती बायकांच्या साध्या फोनवरच्या बोलण्यातून.

'रिअर विंडो' (1954) मध्ये खिडकीत बसून पाहणारा पुरुष हिरो आहे, पण समोरच्या घरातल्या बाईचं काहीतरी वाईट झालं हे पटवून कोण देते, तर लिसा. तिचं म्हणणं सोपं आहे, की कोणतीही बाई गावाला जाताना आपली आवडती पर्स आणि दागिने असे मागं सोडून जात नाही, आणि लग्नाची अंगठी तर नाहीच. पोलीस डिटेक्टिव्ह मित्र ते हसण्यावारी नेते.

अगाथा ख्रिस्तीच्या गोष्टींतली म्हातारी डिटेक्टिव्ह मिस मार्पल तर सगळ्यांची आजी. 1961 ते 64 मध्ये मार्गारेट रदरफोर्डनं तिच्यावर चार सिनेमे केले, त्यातल्या पहिल्यात ती मोलकरीण बनून संशयिताच्या वाड्यात कामाला लागते. पण आपल्या माणसांना जास्त भिडेल असा हवा असेल तर ऋतुपर्ण घोष यांचा बंगाली 'शुभ महूरत' (2003) शोध, तो मार्पलच्याच एका कथेवरचा आहे. राखीनं रांगा पिशी केली आहे, घरात राहणारी विधवा आत्या, भाची पत्रकार आहे, ती बाहेरून एकेक गोष्ट आणून सांगते आणि ही स्वयंपाकघरात, खाटेवर बसून जोडत जाते. राखीला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी तो सिनेमा पाहून गप्प बसले होते कितीतरी वेळ, कारण आमच्या गावोगावी अशा आत्या बसल्या आहेत आणि आम्ही पोलीस त्यांच्या अंगणातून जाऊन सरपंचाचा जबाब घेऊन येतो.

हिंदीत बाईला तपास देतात पण सोबत एक कारणही देतात, ते मला खटकते. 'मर्दानी'त (2014) राणी मुखर्जी क्राईम ब्रँचची ऑफिसर आहे तरी पळवलेली पोरगी तिच्याच मायेतली असावी लागते. 'दृश्यम'मध्ये (2015) तब्बू आयजी आहे, हुशार इतकी की कुटुंबाचं बोलणं पाठ केल्यासारखं आहे हे तीच पकडते, पण हरवलेला मुलगा तिचाच. दोघींनी काम अप्रतिम केलं आहे, मी त्यांच्याबद्दल बोलतच नाही. पुरुष डिटेक्टिव्हला मात्र कोणी विचारत नाही की तुझं कोण मेलं म्हणून तू हे करतोस. ते त्याचं काम असते, त्याला त्यात डोकं लावायला आवडते, बस. बाईलाही काम आवडू शकते गं. मला आवडत होतं. म्हणून तुझ्या स्क्रिप्टमधली ती मेलेली बहीण आधी काढ. 'दहाड' (2023) ही सिरीज पाहा, राजस्थानात सब-इन्स्पेक्टर अंजली भाटीला दिसते की एकेक मुलगी गायब होते आणि घरचे तिला शोधायची धडपडच करत नाहीत कारण पळून गेली म्हणून लाज वाटते, आणि म्हणूनच खुनी मोकळा फिरते. हे आपल्या मातीतलं आहे. मिसिंगची तक्रार न येणं हाच पहिला पुरावा.

अजून एक, तिला सिक्स्थ सेन्स देऊ नको. "मला आतून वाटतंय" असा डायलॉग तुझ्या स्क्रिप्टमध्ये आहे, तो खोड. आतून वगैरे काही वाटत नसते, माहीत असते. शिवण माहीत असते, पाणी माहीत असते, भरलेलं सिलेंडर एकटीनं उचलता येते की नाही ते माहीत असते, पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, वेचणीला बायका किती वाजता उतरतात आणि कोण कोणाच्या ओळीत चालते ते माहीत असते. अनुभवाला दैवी शक्ती म्हटलं की बाईच्या अकलेचा मान जाते.

आता तुझी गोष्ट. सीआयडीची ऑफिसर नको, महिला हवालदार कर. का ते सांगते. विहिरीत बॉडी सापडली की पहिले खून दाखल होत नाही, अकस्मात मृत्यूची नोंद होते, आपल्याकडं सगळे त्याला मर्ग म्हणतात, आणि मर्गची चौकशी बरेचदा हवालदाराकडंच येते कारण ठाणेदाराच्या टेबलवर मोठ्या फाईली असतात. मयत बाईच्या लग्नाला सात वर्षं झाली नसतील तर मग गोष्ट वेगळी, पीएम करावंच लागते, पंचनाम्याला तहसीलदार किंवा नायब तहसीलदार येतात, हुंडाबळीचं कलम डोळ्यासमोर असते, सगळे जपून वागतात. म्हणून तुझ्या मयत बाईच्या लग्नाला आठ वर्षं झालेली दाखव. आठव्या वर्षी तीच बाई, तेच घर, तीच सासू, पण फाईल पटकन बंद व्हायला मोकळी. पाय घसरून पडली, दोन पंचांच्या सह्या, संपलं. अशी फाईल जिच्या हातात येते आणि जी ती बंद करत नाही, ती तुझी हिरोईन. तिला कोणी पाठवलेलं नाही, कोणी अडवलेलंही नाही, फक्त तिनं बंद करावी अशी सगळ्यांची अपेक्षा आहे. यात अख्खा सिनेमा आहे.

पुरावाही तुझ्याच गावात आहे. तुम्ही खारपाणपट्ट्यातले ना, पूर्णेच्या खोऱ्यातले, अकोला-अमरावती-बुलढाण्याचा तो पट्टा जिथं विहिरीला पाणी लागते पण तोंडात घेववत नाही. समज घरचे सांगतात की सूनबाई सकाळी प्यायचं पाणी आणायला विहिरीवर गेली आणि पाय घसरला, काठावर तिचा पितळेचा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, पडलेला आहे. ठाणेदार कोल्हापूरकडचा, नवीन बदली होऊन आलेला, त्याला विहीर म्हणजे गोड पाणीच, त्यानं लिहून घेतलं. पंच बिचारे सरपंचाच्या माणसांपैकी, ते बोलत नाहीत. हवालदार बाई तो गुंड उचलून पाहते. चिंच लावून घासलेला, लख्ख. बाजूला उभी असलेली म्हातारी हळूच म्हणते, "पितळी गुंड घिऊन त्या विहिरीवर कोन जाते मॅडम? थे पानी तं आमी ढोरायलेबी पाजत नाई." प्यायचं पाणी नळाचं, तेही दिवसाआड, आणि पितळेचा गुंड फक्त त्याच पाण्यासाठी, विहिरीवर धुण्याभांड्याला प्लास्टिकची बादली जाते. म्हणजे गुंड तिथं कोणीतरी नंतर नेऊन ठेवला, आणि ज्यानं ठेवला त्यानं आयुष्यात कधी घरात पाणी भरलेलं नाही. बघ, एका भांड्यावरून खुनी पुरुष आहे इथपर्यंत आपण आलो. इथं कॅमेरा त्या गुंडावर जरा वेळ ठेव, तिच्या तोंडून समजावून सांगू नको, समजते लोकांना.

मग जबाब. तू सगळ्या बायकांना ठाण्यात बोलावून टेबलासमोर बसवलंस. बाईला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या राहत्या घरी जाऊन विचारावं लागते, जुन्या सीआरपीसीत ते कलम 160 होतं, 1 जुलै 2024 पासून नवीन कायद्यात 179. बायकांच्या सोयीसाठी केलेली ही तरतूद आहे आणि चांगलीच आहे, पण खेड्यात त्याचा अर्थ असाही होते की तू जबाब घ्यायला जातेस आणि सासू दारात, दीर ओसरीवर, नणंद चहा घेऊन उभी. सून काय बोलणार? "मले काई मायीत नाई." मी काय करायची, तर ओसरीवरच्या खुर्चीत बसायचीच नाही. सरळ मागच्या अंगणात, चुलीपाशी, तूर पाखडत असतील तर सूप हातात घ्यायचं. हात चालू असले की तोंड उघडते, आणि डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. कापसाच्या दिवसात मी वेचणीला जाणाऱ्या बायकांसोबत धुऱ्यापर्यंत चालत जात होते, जाताना कोणी बोलत नाही, येताना दमलेल्या असतात, मजुरीचा हिशोब चालू असतो, तेव्हा एखादी मागं राहून दोन वाक्यं बोलून जाते. ती दोन वाक्यं तुझ्या सिनेमातला सगळ्यात मोठा सीन होऊ शकते, त्यात बॅकग्राउंड म्युझिकसुद्धा नको.

पण बाई म्हणून सगळीच दारं उघडतात असं दाखवलंस तर तेही खोटं. खाकी घातलेली बाई ही आधी पोलीस असते. आणि जात आहे, कोणाच्या घरात तिला चुलीपर्यंत नेतील, कोणाच्या घरात पाणी वेगळ्या ग्लासात देतील, कोणत्या मोहल्ल्यात ती गेली की पाटलाच्या घरचे तोंड बंद करतील, हे तुझ्या गावात तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, ते लिही. तिला एक जोडीदारीण दे, आशा वर्कर. आशाकडं घरोघरीची माहिती असते, कोण गरोदर, कोणाच्या हाताला मागच्या महिन्यात बँडेज होतं आणि कोणी विचारलं तर पडले म्हणून सांगितलं. गावची पोलीस पाटील बाई असेल तर अजून मजा, कारण संशयास्पद मृत्यूची खबर ठाण्याला देणं हे तिचं कायद्यानं कामच आहे, आणि तिनं ती उशिरा दिली असेल तर का दिली हा वेगळा धागा.

तुझ्या स्क्रिप्टमध्ये फॉरेन्सिक रिपोर्ट दुसऱ्या दिवशी सकाळी येते. येत नाही. व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, मिठाच्या पाण्यात बंद होऊन अमरावती किंवा नागपूरच्या प्रयोगशाळेत जाते आणि महिनोनमहिने वाट पाहावी लागते. ही वाट पाहणं वापर, तेवढ्यात सासरचे शेत विकायला काढतील, नवऱ्याचं दुसरं लग्न ठरेल. पीएमही संध्याकाळी बॉडी सापडली तर सकाळीच होईल, 2021 मध्ये रात्री पीएम करायची परवानगी आली पण खून, आत्महत्या, संशयास्पद मृत्यू सहसा त्यातून वगळले आहेत. म्हणजे बॉडी रात्रभर ग्रामीण रुग्णालयात, बाहेर माहेरचे आणि सासरचे दोन टोळकी करून बसलेले, आणि हवालदार बाई मधल्या बाकावर. हा सीन फुकटात शूट होते. बुडून मेली की मारून टाकली यासाठी डायटम टेस्ट असते, विहिरीच्या पाण्यातले सूक्ष्म शेवाळाचे कण हाडाच्या मगजात सापडतात का ते पाहतात, त्यासाठी त्याच विहिरीचं पाणीही बाटलीत भरून पाठवावं लागते. ते भरायचं कोणाला सुचते ते दाखव. पण नुसत्या त्या टेस्टवर केस उभी राहत नाही, सोबतीला बाकी पुरावा लागतोच.

शेवटी तुझा खुनी पावसात रडत ऑफिसरसमोर कबुली देते आणि सिनेमा संपते. पोलिसासमोरची कबुली कोर्टात पुरावा होत नाही. हां, आरोपीनं सांगितल्यावरून एखादी लपवलेली वस्तू निघाली तर तेवढा भाग चालते, त्यासाठी दोन पंचांसमोर त्याचं निवेदन लिहून घेतात, आम्ही मेमोरंडम म्हणायचो, मग सगळे त्याच्या मागं जिथं तो नेईल तिथं जातात. तर शेवट असा कर, पुढं आरोपी, मागं पंच, हवालदार बाई, गाव सगळं लांबून पाहून राहिलं, आणि तो कोठ्यातल्या कडब्याखालून तिची ती प्लास्टिकची बादली काढून देते, जी त्या सकाळी ती खरोखर घेऊन निघाली होती. पंचांमध्ये या वेळेस त्या म्हातारीलाच घे, बाई पंच चालते, कायद्यात कुठंही मनाई नाही. पंचनाम्याचा मजकूर तू लिहून पाठव, भाषा मी पाहून देईन. आणि अंगठा नको घेऊ तिचा, सही करू दे.